शेलापागोट्याची बातमी करावी का?

न्यू जर्सी राज्यातल्या वेस्ट विंडसरमध्ये ग्रोव्हर्स मिल नावाची छोटी वस्ती आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या संध्याकाळी ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळावरची फौज पृथ्वीवर उतरली ती इथे. नाटक एच. जी. वेल्सच्या कादंबरीवर बेतलेलं आहे, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण ज्यांनी रेडिओ उशिरा लावला त्यांच्या कानांवर थेट बातमीपत्र पडलं आणि त्यातल्या काहींचं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी देशभर हलकल्लोळ माजल्याचे मथळे छापले. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की प्रत्यक्षात घबराट बेताचीच होती, मथळे मात्र भलतेच मोठे होते. पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, गावानं व्हॅन नेस्ट पार्कमध्ये या कधीच न झालेल्या स्वारीचं स्मारकही उभारलं.

कल्पित असो की थट्टा, ती ज्यांच्यासाठी रचली त्यांच्यापुरती राहिली तर निभावते. वर्तमानपत्राच्या हाती लागली की ती कुठवर जाईल आणि कोणत्या रूपात पोहोचेल, हे रचणाऱ्याच्या हाती उरत नाही. वेस्ट विंडसरला हा अनुभव ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी फुकटात मिळाला.

आज या गावाची ओळख वेगळी आहे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २९,५१८ भरली. न्यूयॉर्कला नोकरीसाठी जाणाऱ्यांचं प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन याच हद्दीत आहे आणि तिथून प्रिन्स्टनपर्यंत 'डिंकी' ही इवलीशी आगगाडी धावते. भारतीय कुटुंबं इथे मोठ्या संख्येनं राहतात; भाजी घेताना मागून मराठी ऐकू आलं तर कुणी दचकून वळून बघत नाही. २००१ पासून २०१७ पर्यंत शिंग-फू शुए महापौर होते आणि २०१७ च्या निवडणुकीत हेमंत मराठे निवडून आले. गावात सायकलस्वार आणि पादचाऱ्यांची बाजू मांडणारी एक स्वयंसेवी संस्थाही आहे: वेस्ट विंडसर बायसिकल अँड पेडेस्ट्रियन अलायन्स. फूटपाथ, सायकलमार्ग, रस्ता ओलांडायच्या जागा हे तिचे विषय. मोटारीशिवाय दूधही आणता येत नाही अशा अमेरिकी उपनगरात हे काम चिकाटीचं असतं, आणि त्यात गंमत कमी असते.

आता समजा, अशा प्रकारच्या कुठल्याही एका संस्थेनं वर्षअखेरीच्या जेवणात काही टिंगलीचे पुरस्कार वाटले. मध्येच गवतात गडप होणाऱ्या फूटपाथला 'अध्यात्ममार्ग' सन्मान, बटण दाबूनही कधी हिरवा न होणाऱ्या सिग्नलला 'संयमरत्न'. सगळे पोट धरून हसले. मग कुणीतरी म्हणालं, हे पेपरला पाठवू या की! इथून वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, छापून आल्याशिवाय कुणी हलणार नाही. दुसरी म्हणते, ज्या अभियंत्याकडे पुढच्या मंगळवारी अर्ज घेऊन जायचं आहे, त्याचीच जाहीर टोपी उडवायची?

मराठी माणसाला हा पेच नवा नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये फिशपॉन्ड पडतात, म्हणजेच जुन्या पिढीची शेलापागोटी. शिमग्याला तर नावं ठेवण्याची रीतच. त्या प्रथेचा अलिखित करार असा, की देणारा, घेणारा आणि ऐकणारा, तिघंही एकाच मांडवात बसलेले असतात. कुणाला काय आणि किती झोंबेल याचा अंदाज सगळ्यांना असतो, आणि झोंबलं तर रात्रीच चहाच्या टपरीवर समेट होतो. (झाला नाही, तर पुढच्या गॅदरिंगपर्यंत अबोला. तेही आपल्याला ठाऊक आहे.) बातमी छापली जाते तेव्हा यात चौथा माणूस येतो: वाचक. तो मांडवात नव्हता. त्यानं हशा ऐकलेला नाही, आणि ज्याची टवाळी झाली त्याला तो ओळखत नाही.

या चौथ्या माणसामुळे टिंगलीच्या पुरस्काराची किंमत कशी बदलते, याचा सगळ्यांत गाजलेला खटला अमेरिकेतच घडला.

विल्यम प्रॉक्समायर हे विस्कॉन्सिनचे सिनेटर, सरकारी उधळपट्टीचे हाडवैरी. मार्च १९७५ मध्ये त्यांनी 'गोल्डन फ्लीस' नावाचा मासिक पुरस्कार सुरू केला. पहिला मान मिळाला नॅशनल सायन्स फाउंडेशनला, माणसं प्रेमात का पडतात याच्या अभ्यासावर ८४ हजार डॉलर खर्च केल्याबद्दल. बातमीदारांना हा प्रकार विलक्षण आवडला. आकडा होता, विनोद होता, खलनायक होता. मथळा शोधावाच लागत नव्हता. १९८८ पर्यंत प्रॉक्समायर यांनी असे १६८ पुरस्कार दिले. अर्थसंकल्पावरची त्यांची भाषणं आज कुणाला आठवत नाहीत, पुरस्कार आठवतो.

एप्रिल १९७५ मधला पुरस्कार मात्र महागात पडला. तो होता रोनाल्ड हचिन्सन या संशोधकाच्या कामाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थांसाठी. हचिन्सन मिशिगनमधल्या कॅलामाझू इथल्या सरकारी मनोरुग्णालयात संशोधन संचालक होते. आक्रमकता मोजायची कशी, हा त्यांचा विषय. त्यासाठी ते माकडांचं जबडा आवळणं, चावणं अशा वर्तनाची नोंद घेत. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, आणि प्रॉक्समायर यांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. पण नासाला आणि नौदलाला या कामात रस असण्याचं कारण साधं होतं: अंतराळयानात किंवा पाण्याखाली माणसं महिनोन्महिने कोंडली गेली की त्यांच्यात ताण कसा वाढतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. खिल्लीत हे कारण आलं नाही. ते सांगितलं असतं तर विनोद निम्मा झाला असता.

हचिन्सन यांनी बदनामीचा दावा लावला. २६ जून १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी त्यात एक काटेकोर रेघ ओढली. सिनेटर सभागृहात जे बोलतो त्याला राज्यघटनेचं पूर्ण संरक्षण आहे. तिथे प्रॉक्समायर माकडांवर तासभर बोलले असते तरी कुणी हात लावू शकला नसता. पण तोच मजकूर त्यांच्या कार्यालयानं प्रसिद्धिपत्रक म्हणून २७५ पत्रकार आणि माध्यमांना धाडला होता, शिवाय त्यावरचं वार्तापत्र सुमारे लाखभर लोकांना टपालानं गेलं होतं. हे सभागृहाचं काम नव्हे, त्याला संरक्षण नाही, असं न्यायालय म्हणालं. शब्द जवळपास तेच होते. बदनामीच्या दाव्याची शक्यता निर्माण झाली ती टपाल खात्यात.

निकालाचा दुसरा भाग दबावगटांनी अधिक लक्ष देऊन वाचावा असा आहे. अमेरिकेत १९६४ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन' निकालापासून सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीला बदनामीचा दावा जिंकणं फार अवघड आहे. समोरच्यानं जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे सिद्ध करावं लागतं. हचिन्सन हेही आता सार्वजनिक व्यक्ती आहेत, त्यांचं नाव देशभर झालं आहे, असा प्रॉक्समायर यांचा बचाव होता. न्यायालयानं तो उडवून लावला. नाव झालं ते पुरस्कारामुळेच. आधी माणसाला चव्हाट्यावर आणायचं आणि मग तो चव्हाट्यावरचाच आहे म्हणून हात झटकायचे, हे चालणार नाही, असा त्याचा आशय. शेवटी तडजोड झाली. प्रॉक्समायर यांनी स्वतःच्या खिशातून १० हजार डॉलर दिले आणि सिनेटमध्ये खुलासा केला. त्यांच्या वकिलांचं लाखाहून अधिक डॉलरचं बिल मात्र सिनेटनं, म्हणजे ज्यांच्या पैशांची त्यांना इतकी काळजी होती त्या करदात्यांनी भरलं.

प्रॉक्समायर यांच्या प्रसिद्धीची दुसरी किंमत विज्ञानानं मोजली. १९७८ मध्ये परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा रेडिओ लहरींतून शोध घेण्याच्या नासाच्या योजनेला त्यांनी पुरस्कार दिला आणि पुढे तिचा निधीही थांबवला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन त्यांना जाऊन भेटले, समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी विरोध सोडला. समोरासमोरच्या एका भेटीनं जे झालं ते आधीही होऊ शकलं असतं, अशी शंका येतेच. २०१२ मध्ये, वेड्यासारखं वाटलेलं पण पुढे मोलाचं ठरलेलं संशोधन गौरवण्यासाठी 'गोल्डन गूज' नावाचा पुरस्कार सुरू झाला. नावापासूनच तो प्रॉक्समायर यांना दिलेला जबाब आहे.

हे सगळं वाचून एखादी संस्था म्हणेल, नकोच ती भानगड. तोही निष्कर्ष घाईचा आहे. टिंगलीच्या पुरस्कारांनी काम केल्याचे दाखले भरपूर आहेत, आणि ते प्रसिद्धीशिवाय झालं नसतं.

ब्रिटनमध्ये क्रिसी मेहर या बाईंनी १९७९ मध्ये 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' सुरू केली, ती लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी अर्जांचे कपटे करून. सामान्य माणसाला न कळणाऱ्या सरकारी आणि कंपनी छापाच्या मजकुराला ही संस्था 'गोल्डन बुल' देते. १९९३ पासून बड्या लोकांच्या अगम्य विधानांसाठी वेगळा पुरस्कार आहे. २००३ मध्ये तो अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना मिळाला आणि जगभर छापून आला. पण हीच संस्था सोप्या भाषेतल्या कागदपत्रांना 'क्रिस्टल मार्क' हे प्रमाणचिन्हही देते. बँका आणि सरकारी खाती ते पैसे मोजून घेतात. म्हणजे एका हातात छडी, दुसऱ्या हातात शिक्का. छडीची बातमी झाली नसती, तर शिक्क्याला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

हवामान परिषदांमध्ये 'क्लायमेट ॲक्शन नेटवर्क' १९९९ पासून रोज 'फॉसिल ऑफ द डे' देतं: वाटाघाटींना त्या दिवशी ज्या देशानं सर्वाधिक खोडा घातला त्याला. कामाला जोर लावणाऱ्या देशासाठी अधूनमधून 'रे ऑफ द डे' असतो. खासगीपणाच्या हक्कासाठी झटणाऱ्या 'प्रायव्हसी इंटरनॅशनल'नं १९९८ मध्ये लंडनमध्ये 'बिग ब्रदर' पुरस्कार सुरू केले, तेव्हा पाळत ठेवणाऱ्यांबरोबर पाळतीविरुद्ध लढणाऱ्यांनाही 'विन्स्टन' नावाचा गौरव ठेवला. ऑस्ट्रेलियातली 'चॉइस' ही ग्राहक संस्था २००६ पासून फसव्या वस्तू आणि सेवांना 'शाँकी' देते. तिच्याकडे वस्तू तपासायच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, त्यामुळे टवाळीच्या मागे मोजमाप उभं असतं.

या यादीत एक गोष्ट चटकन दिसते. घेणारे कोण? सरकारं, बलाढ्य कंपन्या, मंत्री. त्यांच्याकडे जनसंपर्क अधिकारी आहेत, वकील आहेत, उत्तर द्यायला व्यासपीठ आहे. देणारा आणि घेणारा एकाच किराणा दुकानात समोरासमोर येण्याची शक्यता नाही.

वेस्ट विंडसरमध्ये ती रोजची आहे. आणि तिथे आणखी एक घोळ आहे जो विनोद लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही: रस्ता कुणाचा? गावातून जाणारा रूट १ राज्याच्या वाहतूक खात्याचा. प्रिन्स्टन-हाइट्सटाउन रोड, म्हणजे ५७१ क्रमांकाचा रस्ता, मर्सर काउंटीचा. आतल्या गल्ल्या टाउनशिपच्या. तिन्ही एकाच चौकात भेटू शकतात. 'सर्वांत जीवघेणा चौक' असा पुरस्कार महापौरांच्या नावानं छापून आला आणि तो रस्ता काउंटीचा निघाला, तर महापौर दुखावतात, काउंटी निवांत राहते आणि संस्थेला घरचा अभ्यास नाही हे गावभर होतं. इतकंच नाही, काउंटीकडे त्याच चौकासाठी शब्द टाकू शकणारा माणूस नेमका महापौरच असतो. आपला वकील आपणच पळवून लावल्यासारखं ते होतं.

वर्तमानपत्रांची अवस्थाही ध्यानात घ्यावी लागते. मर्सर काउंटीत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जाणारं 'टाइम्स ऑफ ट्रेंटन' आणि राज्यातलं सर्वांत मोठं 'स्टार-लेजर', दोघांची छापील आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. बातमीदार कमी उरले की प्रसिद्धिपत्रक तपासून, दुसऱ्या बाजूला फोन करून बातमी लिहिणं मागे पडतं. आलेला मजकूरच पुढे सरकतो. जुना बातमीदार अभियंत्याला विचारायचा, 'हा फूटपाथ अर्धवट का?' त्यावर कदाचित उत्तर मिळायचं, की पुढची जमीन खासगी आहे, मालक देत नाही. आता ते विचारण्याची जबाबदारी पुरस्कार देणाऱ्यावरच येऊन पडते. संस्थेनंच बातमीदाराचं काम करायचं आहे, नाहीतर तिची अवस्था माकडांचं कारण न सांगणाऱ्या प्रॉक्समायरसारखी होते.

वेळही पाहावी लागते. अमेरिकेत करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवाराच्या बाजूनं वा विरोधात प्रचार करण्याची १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे. वेस्ट विंडसरची महापौरपदाची निवडणूक विषम वर्षी नोव्हेंबरात येते. ऑक्टोबरात महापौरांना दिलेला 'सुवर्ण खड्डा' हा विनोद आहे, असं सांगायला गेलं तर विरोधी उमेदवारालासुद्धा हसू आवरणार नाही. तोच पुरस्कार जानेवारीत, रस्त्याच्या नावानं दिला तर कुणाची हरकत नसते.

कायद्याचं भय मात्र वाजवीपेक्षा मोठं करू नये. न्यू जर्सीनं सप्टेंबर २०२३ मध्ये एक कायदा केला. सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी लावलेले दावे सुरुवातीलाच निकालात काढता यावेत आणि दावा फेटाळला गेला तर वकिलाचा खर्च वसूल करता यावा, अशी त्यात सोय आहे. मत, अतिशयोक्ती, उपहास यांना अमेरिकी न्यायालयांनी एरवीही मोकळीक दिलेली आहे. अडचण येते ती उपहासाच्या पोटात खोटं विधान दडलेलं असतं तेव्हा.

आपल्याकडचा मामला अधिक बोचरा आहे. भारतात बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात तो कायम आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि लोकसेवकाच्या कामाविषयी सद्भावनेनं दिलेलं मत, हे अपवाद त्यात आहेत. पण अपवाद सिद्ध करायला आधी कोर्टाची पायरी चढावी लागते. खड्ड्यात झाडं लावणं, खड्ड्याची पूजा करणं, हे महाराष्ट्रातले रुळलेले प्रकार. त्यात व्यक्तीचं नाव क्वचितच येतं, हे आपसूक आलेलं शहाणपण म्हणावं लागेल.

नाव, मग ते संस्थेचं का असेना, घेतल्यावर काय होतं, ते मुंबईनं २०१७ च्या जुलैत पाहिलं. रेडिओ निवेदिका मलिष्का हिनं एका लोकप्रिय मराठी गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेची थट्टा करणारं विडंबन केलं. विषय खड्डे, तुंबलेलं पाणी आणि रेल्वे. ते घरोघर पोहोचलं. त्यानंतर शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची भाषा केली, आणि महापालिकेच्या पथकाला मलिष्काच्या घरी कुंडीखालच्या ताटलीत डेंगीच्या डासांच्या अळ्या सापडल्या. नोटीस गेली. पालिकेनं गाण्याकडे कानाडोळा केला असता तर ते आठ दिवसांत विरून गेलं असतं. नोटिशीनं ते राष्ट्रीय बातमी झालं. पुढच्या वर्षी तिनं 'सैराट'मधल्या 'झिंगाट'च्या चालीवर खड्ड्यांचं नवं गाणं केलं. यातून दोन्ही बाजूंना घेण्यासारखं आहे. ज्याच्या अंगावर टवाळी आली त्यानं चिडायचं नसतं. आणि टवाळी करणाऱ्यानं हे गृहीत धरायचं असतं, की समोरचा चिडेल आणि आपल्या कुंड्या तपासायला येईल. रेडिओ कंपनी पाठीशी असलेली निवेदिका ते सोसू शकते. पंधरा-वीस स्वयंसेवकांची संस्था, जिच्या सभासदांची घरबांधणीची परवानगी त्याच कार्यालयात अडकलेली असते, तिनं जपून पाऊल टाकावं.

न चिडण्याची कला हॉलिवूडला चांगली जमते. वाईट चित्रपटांच्या 'गोल्डन रॅस्पबेरी' समारंभात २००५ मध्ये हॅले बेरी आपलं ऑस्कर हातात घेऊन हजर झाली आणि 'कॅटवुमन'साठीचा पुरस्कार हसत स्वीकारला. त्या रात्री जिंकली तीच. याच पुरस्कारवाल्यांनी २०२३ मध्ये एका बारा वर्षांच्या अभिनेत्रीला नामांकन दिलं आणि चोहोबाजूंनी टीका झाली. नामांकन मागे घ्यावं लागलं, माफी मागावी लागली आणि अठरा वर्षांखालच्यांना वगळण्याचा नियम करावा लागला. बारा वर्षांच्या मुलीवर हसायचं नाही, हे कळायला संस्थापकांना बेचाळीस वर्षं लागली.

'इग नोबेल'ची पद्धत याहून सभ्य. १९९१ पासून मार्क अब्राहम्स चालवत असलेल्या या विज्ञानातल्या गमतीच्या पुरस्कारात निवड झालेल्या बहुतेकांना आधी गुपचूप विचारलं जातं. नको असेल तर ते नाकारू शकतात, आणि त्याची वाच्यता होत नाही. अपवाद केले जातात ते सत्ताधाऱ्यांसाठी. १९९८ मध्ये शांततेचं 'इग नोबेल' अणुचाचण्यांबद्दल अटलबिहारी वाजपेयी आणि नवाझ शरीफ यांना विभागून दिलं गेलं, आणि दोघांपैकी कुणीही ते घ्यायला गेलं नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारायचं, पंतप्रधानाला विचारायची गरज नाही. हा भेद साधा आहे, पण प्रॉक्समायर यांच्या गावीही नव्हता.

सायकल आणि पायी चालण्याच्या चळवळीत याहून सोपा रस्ता इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या सायकलप्रेमींनी शोधला. दर महिन्याला ते देशातल्या एखाद्या अचाट सायकलमार्गाचं छायाचित्र सन्मानानं प्रसिद्ध करत. कुठे मार्गाच्या मधोमध झाड, कुठे दिव्याचा खांब, कुठे मार्गाची लांबी सायकलीपेक्षा थोडीच अधिक. सोबत दोन ओळींचं गंभीर कौतुक. अभियंत्याचं नाव नाही, नगरसेवकाचं नाही. त्यातल्या ५० नमुन्यांचं २००७ मध्ये पुस्तक झालं. छायाचित्र खोटं पाडता येत नाही आणि खांबाला अब्रू नसते. शहराच्या मध्यावर इमारती पाडून केलेल्या मोटारतळांची खिल्ली उडवणारा अमेरिकेतला 'गोल्डन क्रेटर'ही याच जातीचा. २०१३ मध्ये तो पहिल्यांदा ओक्लाहोमातल्या टल्साला मिळाला. दिला शहराच्या नकाशाला.

आणि विनोद न करताही मथळा मिळतो, हे न्यू जर्सीतच दिसतं. 'ट्राय-स्टेट ट्रान्सपोर्टेशन कॅम्पेन' ही संस्था पायी चालणाऱ्यांसाठी सर्वांत धोकादायक रस्त्यांची यादी वर्षानुवर्षं काढत आली. अपघातांत दगावलेल्या पादचाऱ्यांची सरकारी नोंद, रस्त्याचं नाव, काउंटीचं नाव, बस्स. बर्लिंग्टन काउंटीतला रूट १३० त्या यादीत पुन्हा पुन्हा पहिला आला आणि प्रत्येक वेळी बातमी झाली. जिथे माणसं मेली आहेत तिथे 'सुवर्ण' काहीही देऊ नये, हे तिथल्या लोकांना सांगावं लागलं नाही.

मग वेस्ट विंडसरसारख्या गावातल्या संस्थेनं काय करावं? प्रसिद्धी घ्यावी, पण सगळ्याच पुरस्कारांची नाही. गवतात गडप होणारा फूटपाथ, न बदलणारा सिग्नल, आखलेल्या पट्ट्यांवर माणूस उभा असूनही थांबत नाहीत अशा गाड्यांचा चौक, यांचं खुशाल प्रसिद्धिपत्रक काढावं. पादचारी पट्ट्यांवर असेल तर गाडी पूर्ण थांबवून उभीच ठेवायची, हा न्यू जर्सीचा २०१० पासूनचा कायदा आहे. तासाभरात किती गाड्या थांबल्या ते मोजून आकड्यासकट द्यावं. रस्ता राज्याचा, काउंटीचा की टाउनशिपचा, ते पहिल्याच परिच्छेदात लिहावं. पत्रक निघण्याच्या आठवडाभर आधी ते संबंधित कार्यालयाला दाखवावं आणि त्यांचं उत्तर त्यातच छापावं. एवढ्यानं अर्धी कामं पत्रक न काढताच होतात, असा अनुभवी कार्यकर्त्यांचा होरा असतो. गेल्या वर्षी टवाळी झालेली जागा दुरुस्त झाली असेल तर तिची बातमी यंदाच्या टवाळीच्या वर द्यावी. ज्या पुरस्कारावर माणसाचं नाव आहे, तो जेवणाच्या हॉलमध्येच द्यावा, तोही त्या माणसाला आमंत्रण देऊन. तो आला आणि हसला तर छायाचित्र छापायला त्याचीच परवानगी मागावी. आला नाही, तर त्या पुरस्काराचं पत्रक काढू नये.